मागच्या टिपांतला मिस्त्री

फाइल आली की मी ती लगेच उघडत नसे. आधी उगाच पाणी प्यायचो, चष्मा पुसायचो, खुर्ची पुढे-मागे करायचो, आणि बायकोने स्वयंपाकघरातून "आली का मॅडमची चिठ्ठी?" असं विचारलं की "चिठ्ठी काय, कामाची फाइल आहे," म्हणून खेकसायचो. पन्नाशी ओलांडलेला, कॉलेजात इतिहास शिकवणारा, परीक्षेच्या हॉलमध्ये नुसतं खाकरून पोरांना गप्प करणारा माणूस मी. पण त्या फायलीच्या उजव्या समासातल्या पिवळ्या चौकटी दिसल्या की ती पुन्हा मिटायचो.

माझा पीएच.डी.चा प्रबंध आमच्या भागातल्या बारवांवर आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर, दगडात बांधलेली. बाया घागर घेऊन थेट पाण्यापर्यंत उतरायच्या ती. युसूफ वडगावपासून उमापूरपर्यंत मोटरसायकलवर हिंडून, काट्याकुट्यात शिरून, दोनदा कुत्री मागे लावून घेऊन मी तो लिहिला. पुण्याच्या प्रकाशकांनी तो चाळला आणि म्हणाले, "विषय चांगला आहे, पण हा प्रबंध आहे, पुस्तक नाही. एक बाई आहेत. घरूनच काम करतात, कुठल्या संस्थेच्या नाहीत. अभ्यासाची पुस्तकंच करतात. त्यांच्याकडे देऊ या."

त्या बाईंना मी आजपर्यंत प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. फोनवरचा आवाज मऊ. प्रश्न मात्र तसे नव्हते.

मला वाटलं होतं, संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणार, दोन ठिकाणी स्वल्पविराम टाकणार आणि वर "उत्तम" म्हणणार. या बाई माझं फारसं काही खोडत नसत. नुसतं विचारत. मी लिहिलं होतं, "येथील दगड कालांतराने काढून नेण्यात आले." चौकट: "कोणी?" मी लिहिलं होतं, "ही बारव पवित्र मानली जाते." चौकट: "कोण मानतं?" पहिल्या प्रकरणात मी हसलो. दुसऱ्यात चिडलो. तिसऱ्यापर्यंत मला स्वतःचंच वाक्य लिहायची भीती वाटायला लागली.

"बाई हुशार आहे," बायको म्हणाली. माझ्या खांद्यावरून तिने दोन पानं वाचली होती. "तुम्ही घरातसुद्धा असंच बोलता. 'दूध उतू गेलं.' गेलं म्हणे! गॅसपाशी उभं कोण होतं?"

आता प्रस्तावनेचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. आमच्याकडे पुस्तकाला प्रस्तावना लागते आणि ती साहेबांची लागते. साहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यांच्या, कॉलेज त्यांचं, बाजारतळाजवळची गाळ्यांची रांगही संस्थेचीच. साहेबांची प्रस्तावना साहेब लिहीत नाहीत. ज्याचं पुस्तक त्याने लिहायची, पीएने सहीला ठेवायची, साहेबांनी सही करायची. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मी साहेबांच्या वतीने माझ्यावर दीड पान लिहिलं आणि खरं सांगायचं तर हात जरा सैलच सोडला.

बाईंना ही पद्धत कोण सांगणार? त्यांनी साहेबांची प्रस्तावना साहेबांची समजून तपासली. "लेखक व्यासंगी आहेत हे दीड पानात तीनदा आलंय. एकदा पुरेल?" पुढे: "लेखकाच्या साध्या राहणीचा बारवांशी संबंध कळला नाही." आणि शेवटी: "प्रस्तावनाकारांनी पुस्तक वाचलेलं दिसत नाही. एकदा विनंती करून बघावी का?"

बायको हसून हसून खाली बसली. "साधी राहणी! शर्टाची इस्त्री मोडली तर घर डोक्यावर घेतात!"

मी "एकदा पुरेल" मान्य केलं आणि बाकीचं तसंच ठेवलं.

मग चौथ्या प्रकरणात आमच्याच गावची बारव आली. त्या परिच्छेदात माझी दोनच वाक्यं होती. बाजारतळाजवळची बारव कालांतराने बुजवण्यात आली. त्यानंतर परिसरातील आडांचे पाणी गेले, असे स्थानिक लोक सांगतात. समोर दोन चौकटी. "कोणी?" आणि "कोण लोक?"

पहिल्याचं उत्तर गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. साहेबांनी बुजवली. वर गाळे बांधले. पण ठाऊक असणं वेगळं आणि लिहून त्याखाली स्वतःचं नाव छापणं वेगळं. मी त्या चौकटीत "पाहतो" एवढंच टाकलं.

दुसऱ्याचं उत्तर मला आनंदाने देता आलं. सांगणारा माझा शाळेतला दोस्त. त्याच गाळ्यांच्या रांगेत कोपऱ्याला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडून तांब्याची तार नव्याने भरून देतो. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणतं. त्याचे अब्बाही मिस्त्रीच. बारवेत खाली बसवलेला पंप दुरुस्त करायला ते उतरायचे आणि हा वरून दोर धरायचा. बुजवण्याच्या दिवशी हा काठावर उभा होता. त्याने मला सांगितलेलं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं:

"पाणी जिवंत व्हतं बे. मुरूम पडायचा आन खालून बुडबुडे यायचे. अब्बा मनले, चल घरी, बघू नको. मी बघितलं. मंग वर्सा-दोन वर्सांत आमच्या गल्लीतले आड बसले. एकामागं एक."

मी चौकटीत काही न लिहिता हे सगळं प्रकरणाच्या टिपांत घातलं आणि संदर्भ दिला, अगदी शास्त्रशुद्ध: मिस्त्रीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, व्यवसाय, गाळा नंबर. विद्यापीठात आम्हाला तसंच शिकवलंय. मुलाखतीचा हवाला दिला की सांगणाऱ्याचा पत्ता हवा. सगळ्या टिपा पुस्तकाच्या मागे एकत्र जायच्या होत्या. आता बाई खूश होतील, असं वाटून मी फाइल पाठवली आणि त्या दिवशी जेवताना बायकोशी नीट बोललो.

बाईंचा फोन आला. "सर, टीप छान झालीय. पण पहिला प्रश्न राहिलाय."

"मॅडम, ते सर्वज्ञात आहे."

"मला ज्ञात नाही."

"गावात सगळ्यांना माहीत आहे हो."

"मग लिहायला अडचण काय?"

मी "हॅलो, हॅलो" केलं, "आवाज तुटतोय" म्हणालो आणि फोन ठेवला. आमच्याकडे नेटवर्क खरोखरच खराब आहे. भित्र्या माणसाची त्यामुळे फार सोय होते.

त्याच आठवड्यात साहेबांच्या पीएचा फोन. हा मितभाषी माणूस. तो बोलला की एवढंच कळतं की काम आहे; राग आहे की लोभ, हे कळत नाही. म्हणाला, "सर, पुस्तकाची प्रिंट पाठवा. साहेबांना बघायचंय."

"सहीला प्रस्तावनेचं पान देतो ना."

"न्हाई. पूर्ण."

आजवर साहेबांनी कुणाचं पुस्तक पूर्ण मागितल्याचं आठवत नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? मी फोनवरूनच फाइल झेरॉक्सवाल्याला पाठवली, त्याने प्रिंट काढून, भोकं पाडून, प्लास्टिकच्या फाइलीत ओवून ठेवली, आणि मी कॉलेजला जाता जाता ती तशीच पीएच्या हातात दिली. उघडूनही पाहिली नाही. जो माणूस विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये मार्जिन सोडलं नाही म्हणून मार्क कापतो, त्या माणसाने.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात गेलो तर पोरगा म्हणाला, "सर, तुमचं पुस्तक बाजूच्या चौकटींसगट निघालं बरं का. कलर शाई नव्हती, काळ्या आल्यात. चालंल ना?"

मी म्हणालो, "चालेल." दुसरं काय म्हणणार? सगळ्यात आधी काय आठवलं असेल? प्रस्तावना. "व्यासंगी तीनदा." साहेबांच्या नावाखाली मी माझंच केलेलं कौतुक आणि त्याला एका पुणेकर बाईने लावलेली कात्री, दोन्ही साहेबांच्या टेबलावर. मी मनातल्या मनात माफीचं भाषण तयार करत चाललो होतो. चालता चालता गाळ्यांपाशी आलो. कोपऱ्यावर मिस्त्री पायात मोटार धरून तार ओढत बसला होता. मला बघून त्याने हात वर केला.

तेव्हा मला टीप आठवली.

त्या गाळ्यांचे करार संस्था दर अकरा महिन्यांनी नवे करून देते. ज्याच्यावरची मर्जी फिरली त्याला कुणी काही बोलत नाही, शिवी देत नाही, धमकी देत नाही. करार फक्त नवा होत नाही. एका फोटो स्टुडिओवाल्याचं असंच झालं. निवडणुकीच्या हंगामात चहाच्या टपरीवर तो काहीतरी बोलला होता म्हणतात. काय बोलला ते कुणाला सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की आता तिथे चपलांचं दुकान आहे. मिस्त्रीची दोन पोरं, म्हातारी आई आणि सगळी गिऱ्हाइकी त्या कोपऱ्यावर. शेतकरी मोटार घेऊन थेट तिथेच येतो, दुसरीकडे शोधत फिरत नाही.

मी पुढे निघून जाऊ शकलो असतो. पण त्याने हात वर केला होता.

"काय बे मास्तर, तोंड कावून उतरलंय? घरची मोटार जळली का?"

मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला की त्याला पुढे वाकावं लागलं.

"माझं नाव? पुरं?"

"पुरं."

"अब्बाचं बी?"

"हो."

"गाळा नंबर?"

"टिपेत पत्ता द्यावा लागतो."

त्याने तार खाली ठेवली. "टिपेत पत्ता द्यावा लागतो," तो माझ्याच सुरात म्हणाला. "आन उद्या गाळा गेला मंजे त्या पत्त्यावर तू येऊन बसशील का बे? सूट-बूट घालून?"

तो हसला, मीही हसलो, आणि मग दोघांनाही कुठे थांबायचं कळेना. एक शेतकरी मोटार विचारायला आला. मिस्त्रीने त्याला "सांजच्याला या" म्हणून वाटेला लावलं. तो गेल्यावर आवाज बदलून म्हणाला, "वाचतेत का ते? पुस्तक-बिस्तक?"

"आजवर तर नाही वाचलं."

"मंग यंदाच कावून मागितलं?"

मी स्टुलावरून उठलो. घरी येऊन मी बाईंना फोन लावला. या वेळी नेटवर्क अगदी स्वच्छ होतं. सगळं सांगितलं, कुणी बुजवली तेही.

"सर," बाई म्हणाल्या, "'कोण लोक' असं मी विचारलं, तेव्हाच त्यांची परवानगी आहे का, त्यांना त्रास होईल का, हेही विचारायला हवं होतं. ते माझं काम होतं."

"नाही मॅडम, माझंच. मी इथे राहतो."

"पण ते नाव वदवून घेतलं मी."

"पण लिहिलं मी."

आम्ही दोघं सभ्य माणसांसारखी चूक एकमेकांच्या हातातून ओढत होतो. मिस्त्रीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शेवटी बाई म्हणाल्या, "फाइलमधून टीप आत्ताच काढते. सांगणाऱ्याच्या सुरक्षेसाठी नाव गाळतात, तशी पद्धत आहे. पण सर, कागद तुमच्या गावात आहे. तिथे मी काही करू शकत नाही."

कागद आमच्या गावात होता. पुढचे दिवस मी कसे काढले ते बायकोने नंतर पाहुण्यांना पुष्कळदा सांगितलंय, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. फोन वाजला की मी आधी बाथरूममध्ये जायचो. दारात मोटरसायकल थांबली की टीव्हीचा आवाज बंद करायचो. कॉलेजच्या शिपायाने "सर, साहेब आलतेत काल कॉलेजात," असं सहज सांगितलं, तर मी त्याला "नमस्कार" म्हणालो.

"जा की सरळ आणि मागून घ्या," बायको म्हणायची. "चुकीची प्रत आली म्हणा. खरंच तर आहे."

"जातो."

"कधी?"

"बघतो."

"बाईंनी इथे चौकट टाकली असती," ती म्हणाली.

मी बघत राहिलो आणि साहेबांचाच निरोप आला. सकाळी कार्यालयात या.

साहेबांच्या कार्यालयात सकाळी कुणी ना कुणी असतंच. बदलीसाठी आलेला, बोअरसाठी आलेला, नुसताच दिसावं म्हणून आलेला. सगळे भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. माझी फाइल टेबलावर, हार आणि पाण्याच्या बाटलीच्या मध्ये. साहेबांनी चष्मा लावला होता. साहेबांना चष्मा आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"या सर. ह्या बाई कोण?"

"संपादक आहेत साहेब. पुस्तक तपासतात. पुण्याच्या."

"लई तिखट दिसत्यात." त्यांनी मोठ्याने वाचलं, "'प्रस्तावनाकारांनी पुस्तक वाचलेलं दिसत नाही.'"

भिंतीकडेच्या खुर्च्यांवर कुणी हसावं की नाही, हे ठरेना. साहेबच हसले. "खरं हाय की. न्हाई वाचलं. म्हणून तर आता वाचायलोय."

मग सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले. साहेबांनी एक दुमडलेलं पान उघडलं. कुठलं ते मला लांबून ओळखू आलं.

"आन हे बघा. 'बारव बुजवण्यात आली.' बाई विचारायल्यात, कोणी. तुमी लिवलंय, पाहतो. काय पाहता?"

"साहेब, ते..."

"उत्तर कावून दिलं न्हाई?"

मी भिंतीकडे पाहिलं. बदलीवाला छताकडे बघत होता.

"सर, तिथं गाळ व्हता, घाण व्हती, जनावरं पडायची. आमी ट्रॅक्टर लावले. वर गाळे बांधले, लोकं पोटाला लागले. आन तुमी लिवता, बुजवण्यात आली? आपोआप बुजली का ती? काम आमी करायचं आन नाव कुणाचंच न्हाई?"

मला कळायला वेळ लागला. साहेब रागावले होते, पण नाव नव्हतं म्हणून. ज्या गावात बस थांब्याच्या पत्र्यावर, पाण्याच्या टाकीवर, स्मशानातल्या बाकड्यावरसुद्धा "यांच्या प्रयत्नातून" लिहिलेलं असतं, तिथे मी आख्खी बारव बुजवून नाव गाळलं होतं. इतकी वर्षं इथे राहून, इतकं शिकून, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"टाकतो साहेब. चूक झाली."

"पुरं टाका. पदासगट."

"पदांसकट टाकतो."

मला घाम फुटला तो सुटकेचा. मी उठायच्या बेतात होतो. साहेबांनी बोट एका ओळीने खाली सरकवलं.

"आन हे पाणी गेल्याचं कोण सांगतंय?"

बाईंनी विचारलेलाच प्रश्न होता. पण बाईंनी विचारला तेव्हा मला उत्तर लिहायची घाई झाली होती. इथे खोली थंड झाल्यासारखी वाटली. साहेबांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. पीए त्यांच्या मागे उभा होता, दोन्ही हात पाठीमागे.

त्यांनी मागची पानं बघितली होती का? बघून विचारत होते, की खरंच माहीत नव्हतं म्हणून? चेहऱ्यावरून काही समजेना.

"मी," मी म्हणालो.

"इथं तर लोक लिवलंय."

"आमच्यात तसं लिहायची पद्धत असते साहेब. एकट्याचं असलं तरी लोक म्हणतात. मीच आड बघितले. कोरडे आहेत."

"आड तर समद्या जिल्ह्याचे कोरडे हायेत."

"हो साहेब."

"मंग?"

"मग काही नाही साहेब."

साहेबांनी पान दुमडलं. मग बोअरवाल्याकडे वळले. माझं काम संपलं होतं, पण फाइल टेबलावरच होती. आयुष्यात मी कुणाच्या टेबलावरचं काही मागितलं नव्हतं. कुठून हिंमत आली माहीत नाही. बहुतेक भीतीच पुढे ढकलत होती.

"साहेब, ही प्रत नेतो. आपलं नाव घालून नवी आणून देतो."

"ही ऱ्हाऊ द्या. बाईचं लिवलेलं मजेदार हाय."

"मग मागची पानं तेवढी... संदर्भ चुकलेत त्यातले."

"न्या की. ते कोण वाचतंय."

पीएने फाइलीची दोरी सोडली, मागची पानं काढली, टोकं जुळवून सारखी केली आणि माझ्या हातात दिली. चेहरा नेहमीसारखा. मी नमस्कार केला, भिंतीकडेच्या लोकांनाही केला आणि बाहेर आलो.

मोटरसायकलपाशी उभं राहून मी पानं उलटली. चौथं प्रकरण. मिस्त्रीचं नाव, त्याच्या अब्बांचं नाव, गाळा नंबर. शेजारी पेन्सिलीची एक बारीक खूण होती. परीक्षक बरोबर उत्तरापुढे करतो तशी. साहेब जाड मार्करनेच लिहितात, ते सगळ्यांना माहीत आहे. बाकी कुठल्याच टिपेपुढे खूण नव्हती.

विद्यापीठातल्या सगळ्या मास्तरांसारखी माझीही जन्मभराची तक्रार, की आमच्या टिपा कुणी वाचत नाही. एक वाचणारा निघाला होता.

"सांगा मिस्त्रींना," घरी ते पान बघून बायको म्हणाली. मी सांगितलं. मिस्त्रीने पान हातात घेतलं नाही, हाताला ग्रीस होतं. नुसतं वाकून बघितलं.

"कुणाची खूण?"

"माहीत नाही."

"साहेबाला दावली आसंल का?"

"माहीत नाही."

"तुला काय बी माहीत न्हाई आन पुस्तकं लिवतो," तो म्हणाला. पण त्यात नेहमीचं "बे" नव्हतं.

पुढे बाईंनी आणि मी तो परिच्छेद पुन्हा बसवला. साहेबांचं नाव सगळ्या पदांसकट गेलं. ते वाक्य आता चार ओळींचं आहे. बाईंनी विचारलं, "इतकी पदं?" मी म्हणालो, "हवीत." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझ्या पुस्तकात असं पहिल्यांदाच झालं. पाण्याबद्दल लिहिलं: आज या भागातले आड कोरडे आहेत, ते मी स्वतः पाहिले आहेत. ते खरंच पाहायला मी पुन्हा गल्लीत हिंडलो, कारण बाईंनी "खरंच पाहिलेत?" असं विचारलं होतं.

"हे कमी आहे सर," त्या म्हणाल्या, "पण खोटं नाही."

पुस्तक आलं. पहिली प्रत साहेबांना दिली, दुसरी मिस्त्रीला. त्याने चिंध्यांनी हात पुसले, ओठ हलवत चौथ्या प्रकरणातला तो परिच्छेद वाचला, मग पान उलटून मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"साहेबाचं नाव झोकात हाय," तो म्हणाला. "मी न्हाई."

"काढायचं ठरलं होतं ना."

"हां. ठरलंच व्हतं." जरा वेळाने म्हणाला, "आन बुडबुडे?"

"ते तूच बघितलेले. तुझं नाव नाही तर ते कसे लिहिणार?"

त्याने मान हलवली आणि पुस्तक पिशवीत घालून आतल्या फळीवर ठेवलं. गिऱ्हाइकाला दिसेल असं नाही. "चांगलं केलंस," म्हणाला. मला बरं वाटायला हवं होतं.

गाळ्यांचे करार त्यानंतर नवे झाले. सगळ्या रांगेचे एकाच दिवशी, पीए स्वतः टेबल टाकून बसला होता. चपलांच्या दुकानाला अकरा महिने, शिंप्याला अकरा, किराणावाल्याला अकरा. मिस्त्रीला तीन. त्याने विचारलं, "पीएसाहेब, चुकून झालं का?" पीए म्हणाला, "सध्या तेवढाच." मिस्त्रीने सही केली आणि शटर अर्धं ओढून मला फोन केला. मी गेलो तेव्हा तो स्टुलावर बसलेला होता, हातात काही काम नव्हतं. मी त्याला असं बसलेलं कधी पाहिलेलं नव्हतं.

"मास्तर, एक विचारू?"

"विचार."

"नाव ठिवलं असतं तरी तीनच भेटले असते ना बे?"

मी म्हणालो, "बहुतेक." मग म्हणालो, "कदाचित." त्याने दोन्ही ऐकून घेतलं आणि उठून मोटार उघडायला घेतली. त्या दिवसापासून तो एकेक जड अवजार मोटरसायकलवर बांधून घरी नेतो. विचारलं तर "धार लावायला नेलं" म्हणतो.

मी बाईंना हे अजून कळवलेलं नाही. कॉलेजला जायचा माझा रस्ता दुसरीकडून आहे, तरी मी रोज गाळ्यांवरून जातो. कोपऱ्यावरचं शटर वर असलं की गाडी न थांबवता पुढे निघतो.